श्येनपालन (बाजदारी)

ससाणा, बाज, शिक्रा यांसारखे शिकारी पक्षी पाळून, त्यांना हातावर परतण्यास शिकवून त्यांच्याकरवी मोकळ्या रानात सावज धरण्याच्या कलेस श्येनपालन किंवा बाजदारी म्हणतात. कुत्र्यासारखा हा पक्षी माणसाळत नाही. तो मुळात एकांडा असल्याने आज्ञा पाळणे त्याच्या स्वभावातच नसते. मुठीवर खाणे हमखास मिळते, एवढ्या हिशेबावर तो परततो आणि प्रत्येक उड्डाणात निघून जाण्यास मोकळा असतो. त्यामुळे शिस्त लागते ती मुख्यतः पाळणाऱ्याला, आणि पक्षी पंधरा-वीस वर्षे जगू शकत असल्याने हा नाद बहुधा जन्माचा होतो.

सारे गणित वजनाचे असते. पक्ष्याला रोज ठरलेल्या वेळी तोलतात. वजन थोडे वाढले तरी तो झाडावर बसून हाकेला दाद देत नाही, फाजील घटले तर दगावतो. पक्षी बसतो त्या अड्ड्याखाली सकाळी पडलेली, न पचलेल्या पिसांची व हाडांची गुठळी घट्ट आणि दुर्गंधी नसलेली आहे ना, हेही पाहिले जाते. चामडी हातमोजा, पायांतील वाद्या, घुंगरू आणि डोळ्यांवरची टोपी ही जुनी सामग्री आजही तीच आहे. भर पडली ती पक्ष्याचा माग सांगणाऱ्या रेडिओ प्रक्षेपकाची. उड्डाणाचे पीस मोडले, तर आधीच्या वर्षी गळालेले तेच पीस उरलेल्या दांड्यात बारीक खुंटी घालून सांधतात. म्हणून जाणते लोक गळालेले प्रत्येक पीस क्रमवार जपून ठेवतात.

तेराव्या शतकात पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट दुसरा फ्रेडरिक याने या विषयावर लॅटिनमध्ये सविस्तर ग्रंथ लिहिला. संस्कृतात कुमाऊँचा राजा रुद्रदेव याचे ‘श्यैनिकशास्त्र’ आहे. युनेस्कोने २०१० मध्ये या कलेस अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

या छंदाचे सर्वांत ठोस ऋण मात्र बहिरी ससाण्यावर आहे. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन विसाव्या शतकाच्या मध्यास हा पक्षी उत्तर अमेरिकेच्या मोठ्या भागातून नाहीसा झाला, तेव्हा बंदिवासातील प्रजननाचे काम बाजदारांच्या अनुभवावर उभे राहिले. माणसाच्या हातून भरवलेले पिल्लू माणसालाच आपल्या जातीचे समजू लागते. त्यामुळे पिल्लांना ससाण्याच्या डोक्याच्या आकाराच्या बाहुलीने भरवीत. पुढे त्यांना उंच मनोऱ्यावरील किंवा कड्यावरील पेटीत ठेवून, स्वतः शिकार करू लागेपर्यंत आडून खाणे पुरवीत. ही रीत बाजदारांचीच. डीडीटीवरील बंदी आणि हे प्रयत्न यांमुळे १९९९ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून बहिरी ससाण्याचे नाव वगळण्यात आले.