घोड्याचं रेटिंग आणि घोड्याचा भाव

रेसच्या पुस्तकात प्रत्येक घोड्याच्या नावापुढे एक आकडा छापलेला असतो, त्याचं रेटिंग, म्हणजे आतापर्यंतच्या पळण्यावरून ठरवलेली त्याची ताकद. पुण्यात कॅम्पातल्या रेसकोर्सवर नवखा माणूस यातला सर्वांत मोठा आकडा शोधतो आणि त्या घोड्यावर पैसे लावतो. हँडिकॅप रेसमध्ये, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन चढवून सगळ्यांना सारख्या पातळीवर आणणाऱ्या रेसमध्ये, हा हिशेब फसतो, कारण त्या आकड्याचा फायदा पुसून टाकणं हेच हँडिकॅपरचं, म्हणजे ही वजनं ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचं, काम. आपल्याकडे रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. ८४ रेटिंगचा घोडा ६४ वाल्यासोबत पळाला, तर त्याच्या पाठीवर १० किलो जास्त चढतात. जॉकी हलका असेल तर शिशाच्या पट्ट्या घालून वजन पुरं करतात.

डर्बीसारख्या मोठ्या रेसमध्ये मात्र सगळ्यांना सारखंच वजन, फिलींना (तरुण घोड्यांना नव्हे, तरुण घोडींना) तेवढी थोडी सूट. पुणे डर्बी २००० मीटरची, मुंबईत महालक्ष्मीची इंडियन डर्बी २४०० मीटरची. इथे वीस पॉइंटांचा फरक वजनाने भरून निघत नाही. १६०० मीटरला ढोबळमानाने एक किलो म्हणजे एक लेंग्थ (एका घोड्याच्या लांबीएवढं अंतर) धरतात. म्हणजे वीस पॉइंट म्हणजे दहाएक लेंग्थ झाल्या! म्हणूनच मोठ्या रेसमध्ये रेटिंग नीट वाचायला हवं.

पण घोडा दर वेळी रेटिंगइतकाच पळत नाही, त्याच्या खाली-वर पळतो. त्यात पुण्याचा सीझन पावसाळ्यातला. रेसच्या दिवशी पेनेट्रोमीटरचं रीडिंग जाहीर होतं: ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडलं की सळई ट्रॅकमध्ये किती रुतते, त्याचा हा आकडा. आकडा मोठा तेवढा ट्रॅक मऊ. कडक ट्रॅकवर कमावलेलं रेटिंग मऊ ट्रॅकवर टिकेलच असं नाही, म्हणून मी आधी हे रीडिंग बघतो. शिवाय तीन वर्षांचा घोडा अजून भरत असतो, त्याचं छापील रेटिंग त्याच्या तब्येतीच्या मागेच राहतं.

आणि हे रेटिंग सगळ्यांनीच वाचलेलं असतं, त्यामुळे ते भावात, म्हणजे जिंकल्यास लावलेल्या रुपयामागे किती मिळणार त्यात, आधीच उतरलेलं असतं. हाँगकाँगमध्ये संगणकाच्या मदतीने रेस खेळणाऱ्या बिल बेंटर यांनी १९९४ च्या आपल्या निबंधात हेच दाखवलं. त्यांचं गणिती मॉडेल एकटं पुरेसं ठरत नव्हतं, लोकांनी ठरवलेला भाव त्यात मिसळल्यावर अंदाज सुधारला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानलं. माझ्या मते त्यातलं सर्वांत अवघड कौशल्य हे भाव तोलण्याचं.

समजा, रेटिंग, ट्रॅक, अंतर सगळं बघून एखादा घोडा जिंकण्याची शक्यता तुम्हाला २५ टक्के वाटते. भाव एकास चार, म्हणजे रुपयामागे चार रुपये नफा, असेल, तर बाजाराच्या मते ती २० टक्केच आहे, इथे लावण्यात अर्थ आहे. गेट उघडायच्या आधी भाव एकास दोनवर आला, तर ३३ टक्क्यांहून जास्त शक्यता हवी. घोडा तोच, तुमचा अंदाजही तोच, पण आता तिकीट काढू नये.