बेळगावचा कथाकार आणि त्याचा लांबचा गोतावळा

सीमाभागात मराठी कथा लिहिणाऱ्या माणसाचा संपादक कधीच त्याच्या गावात नव्हता. वाचकही बराचसा बाहेरचाच. आज खानापूर, निपाणी, बेळगावकडची मंडळी मोबाइलवर कथा लिहितात आणि नागपूर-नाशिकहून त्यांना अभिप्राय येतात, याचं आपल्याला नवल वाटतं. पण लेखक इकडे आणि त्याचा गोतावळा तिकडे, ही रीत इथे जुनीच आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. चंदगड तालुका तेवढा वगळला. त्यामुळे रणजित देसाईंचं कोवाड तिकडे राहिलं, उचगाव इकडे आलं. सोयरीक तीच, बाजार तोच, बोलणं तेच. सीमावादातलं महाजन आयोगापासून २००४ मधल्या सर्वोच्च न्यायालयातल्या दाव्यापर्यंतचं पुढचं सगळं इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं, ते इथे उगाळत नाही. लेखकापुरतं बोलायचं तर शाळा, वाचनालय आणि वर्तमानपत्र गावात राहिलं. मासिकं आणि प्रकाशक मात्र परराज्यातले झाले.

गावात राहिलं तेही कमी नव्हतं. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं. बाबूराव ठाकुरांनी ‘तरुण भारत’ काढला तो १९१९ मध्ये. पण कथाकार म्हणून नाव व्हायचं तर वाट पोस्टातूनच जायची. फुलस्केप कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून कथा उतरवायची आणि सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं. काही आठवड्यांनी तेच पाकीट दारात आलं की उघडायचीसुद्धा गरज नसे. साभार परत!

या टपाली जगातलं सगळ्यात मोठं नाव जी. ए. कुलकर्णी. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचा जन्म, बेळगावात शिक्षण, आणि मग धारवाडच्या महाविद्यालयात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवणं. सभा-समारंभांना जायचं नाही, फोटो काढू द्यायचे नाहीत. कथा मात्र मुंबईला ‘सत्यकथा’ मासिकाकडे जायच्या, जिथे संपादक म्हणून श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन होते. आणि जायची ती पत्रं. सुनीता देशपांडे, म. वा. धोंड, जयवंत दळवी अशा किती जणांना त्यांनी पानंच्या पानं लिहिली. त्यांच्या मृत्यूनंतर नुसत्या निवडक पत्रांचे चार खंड निघाले. माणूस एकलकोंडा म्हणून प्रसिद्ध. पण वाचण्या-लिहिण्याविषयी इतकं भरभरून बोललेला दुसरा मराठी कथाकार पटकन आठवत नाही. मला विचाराल तर सीमाभागातला पहिला लेखनगट हाच. न भेटता चाललेला, टपाल खात्याच्या भरवशावरचा.

निपाणीच्या महादेव मोरेंची गोष्ट वेगळी. ते पिठाची गिरणी चालवत. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका, विड्या वळणाऱ्या, गॅरेजातली पोरं, ड्रायव्हर, ही त्यांची माणसं. शहरी मासिकांना हे जग माहीत नव्हतं आणि मोरेंनी ते दुरून पाहिलेलं नव्हतं. २०२४ मध्ये ते गेले तेव्हा अनेकांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. मराठी वाङ्मयव्यवहाराला हे फारसं शोभणारं नाही. प्रकाश नारायण संतांनी लंपनच्या कथांतून बेळगावी बोली, तिच्यातल्या कानडी वळणासकट, घराघरांत पोचवली. पण तेही राहायला कराडला, आणि १९६०च्या दशकात सुरू झालेलं ते लेखन मध्ये जवळजवळ तीस वर्षं थांबलेलं होतं. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली. दिवाळी अंक उरले, तेही वर्षातून एकदाच.

मधली पोकळी खेड्यांनी भरून काढली. अखिल भारतीय साहित्य संमेलनं बेळगावात १९२९, १९४६ आणि २००० साली झाली. १९४६ चं ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालचं, तिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला म्हणून ते इतिहासात गेलं. पण लिहिणाऱ्या पोरांना खरा उपयोग झाला तो कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमानी इथल्या ग्रामीण संमेलनांचा. सुगी आटोपली की मांडव पडतो, ग्रंथदिंडी निघते, जेवणाच्या पंगती उठतात, आणि दुपारनंतर कथाकथन. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार या त्रयीने लोकप्रिय केलेला हा प्रकार इथे अजून टिकून आहे. समोरचा श्रोता शेतकरी असतो, बाया-पोरं असतात. कंटाळा आला की ती उठून जातात. ऑनलाइन मालिकाकथेचं मूळ लोक मासिकांत शोधतात. मला ते या मांडवात दिसतं. दर पाच मिनिटांनी ऐकणाऱ्याला धरून ठेवायचं, ही विद्या तिथलीच.

संगणकाने सुरुवातीला फार काही दिलं नाही. ‘मायबोली’ संकेतस्थळ १९९६ मध्येच सुरू झालं होतं, पण तिथे गर्दी परदेशस्थ मराठी माणसांची. बेळगावात डीटीपीवाल्याकडे, म्हणजे संगणकावर छपाईची जुळणी करणाऱ्याकडे, कथा टाइप करून घ्यायची, तर ती त्याच्याच फाँटमध्ये. दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की नुसत्या खुणा आणि रेघोट्या. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच उघडणारी अक्षरं, रुळल्यावर ही कटकट मिटली. त्या दिवसांत ‘बरह’वर मराठी टाइप करणारे पुष्कळ होते. हे मुळात कन्नडसाठी तयार झालेलं सॉफ्टवेअर! पाट्यांच्या भाषेवरून रस्त्यावर भांडणं चालू असताना घरात मराठी कथा कानडी साधनावर टाइप होत होत्या आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

खरा फरक पडला तो सप्टेंबर २०१६ नंतर, जिओमुळे डेटा स्वस्त झाला तेव्हा. ‘प्रतिलिपि’ हे कथा लिहायचं-वाचायचं ऑनलाइन व्यासपीठ त्याआधी, २०१४ मध्ये, सुरू झालेलं होतं. कंपनी बेंगळूरची. म्हणजे ज्या राजधानीकडून मराठीत सातबारा मिळावा म्हणून सीमावासीय निवेदनं देत आले, त्याच गावातून त्यांची कथा महाराष्ट्रात जाऊ लागली. २०२० च्या टाळेबंदीत लिहिणारे आणखी वाढले. माझ्या पाहण्यातल्यांत बायका जास्त: शिक्षिका, दुकान सांभाळणाऱ्या, घरकाम उरकून रात्री लिहिणाऱ्या. डीटीपीवाला नको, पाकीट नको, नवऱ्याला सांगायचीही गरज नाही. टोपणनाव घेतलं की झालं.

या जगाचे नियम मात्र कडक आहेत. कथा एकदम टाकून भागत नाही, भाग पाडावे लागतात. दर भागाच्या शेवटी काहीतरी अडकवून ठेवायचं. तारे, समीक्षा, फॉलोअर. पुढचा भाग आधी वाचायचा तर वाचकाने नाणी मोजायची. दोन दिवस भाग आला नाही की ‘ताई, लवकर टाका ना’ सुरू. संपादक उरलेला नाही, त्यामुळे साभार परत नाही. पण ‘शेवटची दोन पानं काप’ म्हणणाराही नाही, आणि हे नुकसान मोठं आहे. लिहिणाऱ्यांच्या गटातले लोक एकमेकांना ‘अप्रतिम’ लिहितात, कारण उद्या आपल्यालाही तेच हवं असतं. भाषेचाही घोळ होतो. २०१७ पासून गूगलवर मराठीत बोलून टाइप करता येतं, पण बेळगावी बोलीत ‘काय करालाय’ म्हटलं की यंत्र भलतंच काहीतरी लिहून टाकतं. पुण्याकडचे वाचक शब्दांचे अर्थ विचारतात. मग हळूहळू पात्रं प्रमाण भाषेत बोलू लागतात आणि कथा बेळगावची आहे हे फक्त गल्लीच्या नावावरून कळतं.

सध्याची मोठी डोकेदुखी चोरीची आहे. नाव काढून कथा व्हॉट्सअॅपवर फिरते, किंवा यूट्यूबवर कुणीतरी ती स्वतःच्या आवाजात वाचून टाकतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कथा लिहून झाली की हक्क आपोआप लेखकाचा. नोंदणी सक्तीची नाही. हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं तो टिकतो. पण त्यासाठी वकील गाठून तारखांना कोण जाणार? तक्रारीचं बटण दाबायचं, गटातल्या चौघींना दाबायला सांगायचं, आणि व्हिडिओ उतरतो की नाही याची वाट न बघता पुढचा भाग टाकायचा.