परिपाठ (शाळेतला)

परिपाठ म्हणजे महाराष्ट्रातल्या शाळांमधे, खास करून जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांमधे, रोज पहिल्या तासाच्या आधी सगळ्या पोरांना मैदानात नाहीतर व्हरांड्यात लाईनीत उभं करून होणारा वीस-पंचवीस मिनिटांचा कार्यक्रम. सावधान-विश्राम, राष्ट्रगीत, राज्यगीत (हे २०२३ पासून), प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, इथपर्यंत सगळे एका सुरात म्हणतात. पण खरा परिपाठ माझ्या मते त्यानंतर सुरू होतो, जेव्हा एकेक मूल एकटं पुढं येऊन बोलतं. सुविचार, दिनविशेष, बातम्या, म्हण आणि तिचा अर्थ, दोन-चार इंग्रजी शब्द, बोधकथा, सामान्य ज्ञानाचे प्रश्न, कधी पाढे, आणि शेवटी कुठं पसायदान तर कुठं थोडा वेळ मौन. क्रम शाळेगणिक बदलतो, वर्गांच्या पाळ्या लावलेल्या असतात.

प्रतिज्ञा तर सगळ्यांना झोपेतही पाठ असते, पण ती मूळची तेलुगू आहे हे फार कमी जणांना माहीत असतं. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ साली लिहिली.

भाषेच्या बाजूनं परिपाठाचं मोल खूप मोठं आहे. नंदुरबारकडं घरी भिली किंवा पावरी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी नाहीतर माडिया, खानदेशात अहिराणी, आणि शाळेत एकदम पुस्तकातली मराठी, म्हणजे पहिलीतल्या पोराला ती परकीच वाटते. परिपाठात तेच तेच शब्द रोज कानावर पडतात, मोठ्या वर्गातलं शेजारच्या घरचं पोरगं ते मोठ्यानं बोलताना दिसतं, आणि मग हळूहळू तोंडात बसतात. काही शिक्षक एखादी म्हण मुलांच्या घरच्या बोलीतून पण सांगायला लावतात, हे तर सगळ्याच शाळांनी करावं, कारण त्या दिवशी ज्या पोराचा आवाज कधी निघत नाही तेच सगळ्यात पुढं असतं.

बातम्यांचं पूर्वी सोपं होतं. सकाळी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या ऐकायच्या, वहीत चार ओळी लिहायच्या, किंवा सरांच्या घरी येणारा पेपर. आता मोबाईल. गावची किंवा जिल्ह्याची एक, राज्याची एक, देशाची, परदेशाची आणि खेळाची असा साधारण साचा असतो. परदेशाच्या बातमीत पोरं नावांना अडखळतात, आणि नेमकं तिथंच थांबून पृथ्वीगोल आणून तो देश दाखवला तर ती बातमी डोक्यात राहते, नाहीतर नुसतं वाचून होतं. चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं ते २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या परिपाठाला आयती बातमी, आणि ती कुणालाच समजावून सांगावी लागली नाही.

दिनविशेष हा इतिहासाचा भाग. ३ जानेवारी सावित्रीबाई (१८३१), ६ जानेवारी 'दर्पण' हे मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र सुरू झालं तो दिवस (१८३२), २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, २८ ला विज्ञान दिन, १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन. इथं एक गोष्ट मनापासून सांगायचीय. आजकाल शिक्षकांच्या ग्रुपवर आख्खा परिपाठ तयार येतो, तारीख टाकून, आणि तो तसाच वाचला जातो. वेळ वाचतो हे खरं, शिक्षकांना कामं कमी नाहीत, पण त्यात चूक असली की ती एकाच सकाळी किती शाळांमधे मोठ्यानं वाचली जाते याचा विचार करा. आणि तारखा ही वाटते तेवढी सोपी गोष्ट नाही. शिवजयंती १९ फेब्रुवारीला आणि तिथीनं फाल्गुन वद्य तृतीयेला अशी दोनदा का, हे पोरं विचारतातच. तिथी चंद्राच्या पंचांगानं चालते, म्हणून ती दर वर्षी वेगळ्या तारखेला येते. शिवाय १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे, आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन हिशोबानं तोच दिवस १ मार्चला येतो, कारण तेव्हा दोन्ही कॅलेंडरांत दहा दिवसांचा फरक होता. सातवी-आठवीच्या पोरांना हे नीट सांगितलं तर कळतं, आणि त्यांना आवडतं पण.

सुट्ट्यांमुळं काही दिवस मात्र परिपाठात कधी येतच नाहीत. १ मे ला झेंडावंदन आणि निकाल, मग सुट्टी, त्यामुळं ३१ मे ची अहिल्याबाईंची जयंती आणि ६ जूनचा शिवराज्याभिषेक दोन्ही बाहेर राहतात. २६ जूनला शाहू महाराजांची जयंती असते तेव्हा विदर्भातल्या शाळा उन्हामुळं उशिरा उघडत असल्यानं तिथं कधी ती सापडते, कधी नाही. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव सातारच्या शाळेत घातलं गेलं, म्हणून राज्यात तो विद्यार्थी दिवस, पण दिवाळी पुढं सरकली की तो पण सुट्टीत जातो. काही शाळा असे राहून गेलेले दिवस शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात रोज एक असे घेतात.