वळूचे दूध कसे मोजावे?

गेल्या पावसाळ्यापूर्वी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील माझ्या आतेभावाने गोठ्यासाठी एक तरुण वळू पाहून ठेवला होता. विक्रेत्याने मोबाइलवर त्या वळूच्या आईची धार काढतानाचे चित्रण दाखवले आणि फेसाने भरलेल्या बादलीकडे बोट करून, "आई अशी, तर लेकी कशा निघतील ते तुम्हीच पाहा," एवढेच म्हटले. बारा गाईंच्या घरगुती गोठ्याचे पुढील कित्येक वर्षांचे दूध त्या एका बादलीवर ठरणार होते.

वळू स्वतः दूध देत नसला तरी दुधाशी निगडित जनुके त्याच्याकडेही असतात, आणि त्याच्या प्रत्येक कालवडीला निम्मी जनुके त्याच्याकडूनच मिळतात. आईच्या दुधावरून त्याचे मोल ठरवण्यात अडचण अशी, की गुरांमध्ये गुणसूत्रांच्या ३० जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतील एकच गुणसूत्र बीजांडात उतरते. ते कोणते, हे निव्वळ योगायोगावर अवलंबून असल्यामुळे, जोडीतील गुणसूत्रांची आपसातील देवाणघेवाण बाजूला ठेवली तरी, एका गाईच्या बीजांडांचे १०७ कोटींहून अधिक प्रकार संभवतात. वळूच्या वाट्याला त्यांतला एकच आलेला असतो.

दुधाची आनुवंशिकता २५ टक्के धरू. म्हणजे गाईगाईंच्या दुधात दिसणाऱ्या फरकाचा चौथा हिस्सा जनुकांचा आणि उरलेला बहुतांशी चारा, आजार, हवामान व राखणाऱ्याच्या हाताचा. अशा स्थितीत आईच्या एका वेतातल्या, म्हणजे एकदा व्यायल्यानंतरच्या, दुधावरून वळूविषयी बांधलेल्या अंदाजाची विश्वासार्हता जेमतेम ६ टक्के भरते. लेकींचे गणित निराळे आहे. निरनिराळ्या गाईंच्या पोटी जन्मलेल्या आणि प्रत्येकी एका वेताची नोंद असलेल्या लेकींच्या संख्येला, तीच संख्या अधिक १५ या बेरजेने भागावे. (हे १५ त्या २५ टक्क्यांतूनच येतात: ४ मधून ०.२५ वजा करून ०.२५ ने भागले, की झाले.) पाच लेकींवर विश्वासार्हता २५ टक्के होते, पंधरांवर ५० आणि पंचेचाळिसांवर ७५. आईचे आनुवंशिक मोल देवाने कानात येऊन तंतोतंत सांगितले, तरी तेवढ्यावरून मुलाविषयीची खात्री २५ टक्क्यांपुढे जात नाही. तेवढी खात्री पाच लेकी पहिल्याच वेतात मिळवून देतात.

मात्र या लेकींची तुलना इतर वळूंच्या, त्याच गोठ्यात, त्याच हंगामात व्यालेल्या पहिलारू (पहिल्यांदाच व्यालेल्या) लेकींशीच करायला हवी. श्रावणातील हिरव्या चाऱ्यावरची गाय आणि एप्रिलमध्ये सुक्या पेंढ्यावर आलेली गाय यांच्यातील फरकाचे श्रेय वळूला देता येत नाही.

आमच्याकडच्या जुन्या कसोट्या मात्र वेगळ्याच आहेत. उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बंदी घातलेल्या धिरयोत, म्हणजे बैलांच्या झुंजीत, जिंकणारा वळू अजूनही काहींना उत्तम बीजाचा वाटतो, तर काही जण कपाळावरचा भोवरा पाहतात. भोवऱ्याची जागा आणि जनावराचा बुजरेपणा यांत दुवा असल्याची निरीक्षणे अमेरिकेतील संशोधकांनी नोंदवली आहेत, परंतु ती स्वभावापुरतीच. श्वेत कपिला ही गोव्याची देशी जात नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी असते. ते जातीचे लक्षण झाले, दुधाची हमी नव्हे.

वळू फळवण्यास सक्षम आहे का, हे तुलनेने लवकर कळते. पशुवैद्य पाय, डोळे, वृषणांचा घेर आणि वीर्यातील शुक्राणूंची हालचाल तपासतात. शुक्राणू तयार होण्यास सुमारे ६१ दिवस लागत असल्यामुळे आज धडधाकट दिसणाऱ्या वळूला महिन्यापूर्वी येऊन गेलेला ताप वीर्यात अजून दिसू शकतो.

देशी गुरांसाठी जनुके वाचणारी गौ चिप ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीम येथे सादर झाली. तिची जाहिरात ऐकून लेकींची गरज संपली असे वाटू शकते. पण कोणत्या जनुकीय खुणेसोबत किती दूध येते, हे चिपला शिकवण्यासाठी आधी हजारो गाईंच्या नोंदी लागतात. आमच्या दूध सोसायटीत घरातल्या सगळ्या गाईंचे दूध एकाच कॅनमधून जाते, त्यामुळे कोणत्या गाईचे किती, याची नोंद कुठेच होत नाही.

आतेभावाने तपासणीनंतर वळू घेतला आणि गोठ्याच्या वाशाला ताणकाटा टांगला. महिन्यातून एक दिवस प्रत्येक गाईची सकाळ-संध्याकाळची धार वेगळी तोलून तो वहीत उतरवतो. वळूच्या स्वतःच्याच लेकी माजावर येण्याआधी तो शेजारच्या वाड्यावरील गोठ्यात जाईल आणि तिथेही वही ठेवली जाईल. दोन्ही वह्या मिळून पंधरा पहिलारू लेकी मोजता येतील, तोवर वळूचे आठवे वर्ष उजाडलेले असेल.