कौटुंबिक कार्यक्रम आणि लोकसहभागाचा कार्यक्रम: स्थानिक संग्रहालयांनी ही गल्लत का थांबवावी

स्थानिक इतिहासाच्या छोट्या संग्रहालयांच्या कार्यक्रमपत्रिकेत 'कुटुंबांसाठी आणि समाजासाठी' असं एका दमात लिहिलेलं असतं. एकाच रविवारी मुलांसाठी कागदकाम, ज्येष्ठांच्या आठवणींचा तास, जुन्या रस्त्यांवरून फेरी आणि शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो. गर्दी चांगली होते, लोक खूश होऊन घरी जातात आणि वार्षिक अहवालात दोन्ही रकाने एकदमच भरले जातात. माझा आक्षेप या दुसऱ्या रकान्याला आहे. अशा रविवारी कौटुंबिक कार्यक्रम बहुधा छान पार पडलेला असतो, लोकसहभागाचा कार्यक्रम, म्हणजे लोकांकडची माहिती आणि मत संग्रहालयाच्या कामात घेणं, मात्र झालेलाच नसतो. दोन्हींत माणसं तीच असू शकतात, खोली तीच असते, म्हणून फरक चटकन दिसत नाही.

कौटुंबिक कार्यक्रमापासून सुरुवात करू. एका घरातली तीन-चार माणसं, वयं वेगवेगळी, माहिती वेगवेगळी. त्यांना एकाच वस्तूभोवती उभं करायचं आणि आपापसांत बोलायला लावायचं, एवढंच त्याचं काम. समजा टेबलावर कोळशाची इस्त्री ठेवली आहे. तिचं नाव, साल, धातू काहीच लिहिलेलं नाही. शेजारी फक्त एक चिठ्ठी: 'उचलून बघा. झाकण उघडा. आत काय ठेवत असतील?' सात वर्षांची मुलगी आधी एका हाताने उचलायला जाते, मग दोन्ही हात लावते. बाबा म्हणतात, पाणी भरत असतील. आजी पुढे होते, खटका सरकवून झाकण वर करते आणि बाजूची भोकं दाखवते: इथून वारा लागला नाही तर निखारे विझतात, आणि जास्त लागला तर राख उडून पांढऱ्या सदऱ्यावर. मग कुणाचा सदरा, कधी, पुढे काय झालं, असं बोलणं वाढत जातं. त्या पाच मिनिटांत मार्गदर्शकाने तोंड उघडायचं नाही, हे त्याचं खरं कौशल्य. त्याच्या मनात इस्त्रीचा अख्खा इतिहास तयार असतो आणि तो गिळून गप्प राहणं सोपं नसतं.

ही इस्त्री काचपेटीतली नव्हे, हे आवर्जून सांगायला हवं. चांगली संग्रहालयं हाताळणीचा संच वेगळा ठेवतात: ज्यांच्या दोन-तीन प्रती आहेत, किंवा ज्या कुणाच्या, कुठल्या याची नोंदच नाही अशा वस्तू. त्या झिजतील, एखादी मोडेलही, हे आधीच मान्य केलेलं असतं. नोंदवहीत क्रमांक चढलेली वस्तू मात्र अशी हातोहात फिरवायची नसते.

कुटुंबं संग्रहालयात कशी शिकतात याचा बारकाईने अभ्यास 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया परिसरातल्या चार संस्थांनी मिळून केला. त्यात एक विज्ञान संग्रहालय, एक निसर्गविज्ञान संग्रहालय, एक प्राणिसंग्रहालय आणि एक मत्स्यालय होतं. त्यांनी काढलेली लक्षणं ऐकायला साधी आहेत. मांडणीभोवती सगळ्या बाजूंनी उभं राहता यावं. एकाच वेळी अनेक हात चालावेत. ती लहानांच्या आणि मोठ्यांच्या दोघांच्याही उंचीला पुरावी. मजकूर थोडक्यात उरकावा. जे समोर आहे ते घरच्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीशी जोडता यावं. अभ्यास विज्ञान आणि निसर्गाच्या संस्थांमधला असला तरी इतिहासाच्या दालनाला तो जसाच्या तसा लागू पडतो. भिंतीला टेकवलेलं टेबल आणि खोलीच्या मधोमध ठेवलेलं टेबल यांत केवढा फरक पडतो, हे एकदा टेबल सरकवून पाहावं.

इथे आणखी एक छोटी गल्लत होते. मुलांचा कार्यक्रम म्हणजे कौटुंबिक कार्यक्रम नव्हे. मुलांसाठी खास संग्रहालयाची परंपरा 1899 साली ब्रुकलिनमध्ये सुरू झाली आणि तिचं महत्त्व मोठं आहे. पण मुलं आत कात्री-गोंद घेऊन बसली आणि पालक बाहेर बाकावर मोबाइल बघत बसले, तर घर एकत्र आलेलंच नाही.

आता लोकसहभाग. इथे वस्तूंइतकीच, किंबहुना जास्त, माहिती लोकांकडे असते आणि संग्रहालय ती मागायला येतं. उदाहरणादाखल एक जुना गटफोटो घेऊ: गिरणीतले कामगार, तीन रांगा, मागे बंद दार. नोंदवहीत फक्त 'कामगार, साल अज्ञात' एवढंच. हा फोटो मोठा करून छापायचा, त्यावर पारदर्शक कागद ठेवून प्रत्येक माणसाची बाह्यरेषा काढायची आणि प्रत्येक आकृतीत क्रमांक घालायचा. मग त्या गिरणीत काम केलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना बोलवायचं. हातात पेन नाही, पेन्सिल द्यायची, कारण शाईचा डाग निघत नाही. कुणी सांगतं, सात नंबर माझे काका. दुसरं कुणी म्हणतं, छे, तो रात्रपाळीचा मुकादम. अशा वेळी संग्रहालयाने निवाडा करायची घाई करू नये. दोन्ही नावं लिहायची, कुणी सांगितलं तेही लिहायचं, तारीख टाकायची. तासाभराने कुणीतरी मागच्या बंद दाराकडे बोट दाखवतं आणि म्हणतं, हे दार संपाच्या आधी बंद नसायचं. साल अज्ञात असलेल्या फोटोला अशा वाक्याने काळ मिळतो. कोणत्याही क्युरेटरला, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या तज्ज्ञाला, एकट्याने बसून हे सापडलं नसतं.

या कामाला वेळ लागतो. एका बैठकीत लोक ओळख काढतात, दुसरीत बोलतात, आणि मनातलं अवघड काही सांगायचं असेल तर ते तिसरी-चौथीत येतं. आवाज ध्वनिमुद्रित करायचा तर लेखी संमती हवी. ती कशासाठी, कोण ऐकणार, काही भाग काही वर्षं बंद ठेवायचा का, हे सगळं आधी बोलून घ्यायला हवं. सांगणाऱ्याला पुढे एखादं वाक्य मागे घ्यावंसं वाटलं तर ती सोय हवी. कौटुंबिक कार्यक्रमात यातलं काहीच लागत नाही, आणि म्हणूनच एकाच्या तयारीवर दुसरा उरकता येत नाही.

लोकसहभाग खरा असला की संग्रहालय स्वतः बदलतं. वॉशिंग्टनमधल्या अनाकोस्टिया या वस्तीत स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालय-संस्थेने 1967 साली एका जुन्या चित्रपटगृहात छोटं शेजारसंग्रहालय उघडलं. संचालक होते जॉन किनार्ड. दोनच वर्षांनी तिथे प्रदर्शन भरलं ते उंदरांवर. वस्तीतल्या लोकांचा रोजचा त्रास तो होता, आणि संग्रहालयाने त्याला दालनात मांडण्यालायक विषय मानलं. ठरवणारे बाहेरचे तज्ज्ञ असते तर हा विषय पुढे येणं कठीण होतं.

केपटाउनचं डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय हे याहून मोठं उदाहरण आहे. वर्णभेदी सरकारने 1966 साली ती वस्ती फक्त गोऱ्यांसाठी म्हणून जाहीर केली. पुढच्या काही वर्षांत 60,000 हून जास्त लोकांना तिथून हलवलं आणि घरं पाडली. 1994 साली एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये संग्रहालय उघडलं. जमिनीवर वस्तीचा भला मोठा नकाशा पसरला आणि तिथे राहिलेल्या माणसांनी आपापलं घर जिथे होतं तिथे नाव लिहिलं. पाडकामावर असलेल्या एका माणसाने रस्त्यांच्या नावांच्या पाट्या टाकून न देता जपून ठेवल्या होत्या, त्याही तिथे लागल्या. या संग्रहालयाचा मूळ ऐवज म्हणजे नकाशावरची ती नावंच. तिथे राहिलेल्यांनी येऊन लिहिलं नसतं तर दाखवायला काय उरलं असतं?

आता गल्लतीने काय बिघडतं ते पाहू. इस्त्रीजवळ आजी जे बोलली ते मौल्यवान होतं, पण ते नातीसाठी होतं. तिथे ध्वनिमुद्रक ठेवला आणि संमतीचा कागद पुढे केला तर ती गप्प होईल, आणि झाली तर तिचं काही चुकलं नाही. उलट, काही न नोंदवता 'आज आम्ही ज्येष्ठांच्या आठवणी जमवल्या' असं अहवालात लिहिणं ही त्या आठवणींची उधळपट्टी आहे. दुसरी बाजू मला जास्त टोचते. यंत्रात हात गेलेल्या सहकाऱ्याबद्दल एखादा निवृत्त कामगार बोलणार असेल, तर त्याला रंगीत कागदांच्या टेबलाशेजारी, पळणाऱ्या मुलांमध्ये बसवायचं का? तो काहीतरी हलकंफुलकं सांगून उठेल. ज्याच्यासाठी त्याला बोलावलं ते त्याच्याजवळच राहील आणि पुढच्या वेळी तो येणारही नाही.

यश मोजण्याचं मापही वेगळं ठेवावं लागतं. कौटुंबिक कार्यक्रमात मी घरच्यांचं आपापसातलं बोलणं बघेन: किती वेळ थांबले, कुणी कुणाला विचारलं, लहानाने मोठ्याला काही दाखवलं का. लोकसहभागानंतर मात्र थेट नोंदवही उघडावी. एखादं नाव भरलं गेलं का? माहितीफलकावरचं एखादं वाक्य दुरुस्त झालं का? पुढच्या प्रदर्शनाचा विषय ठरवताना त्या माणसांपैकी कुणी खोलीत होतं का? तिन्हींचं उत्तर नाही असेल, तर शंभर माणसं येऊनही सहभाग झाला नाही. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने ऑगस्ट 2022 मध्ये प्राग इथे संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली. तिच्यात समुदायांच्या सहभागाचा उल्लेख आता स्पष्ट आहे. म्हणजे हा हौसेचा जादा उपक्रम राहिलेला नाही, संग्रहालय म्हणवून घेण्यातच तो आला.

काही कार्यक्रम मधल्या जागेत बसतात. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराने 1990 साली 'ओपन म्युझियम' सुरू केलं. वस्तूंचे संच घेऊन जे लोक संग्रहालयात येत नाहीत त्यांच्यापर्यंत जायचं आणि त्यांच्याबरोबर प्रदर्शनंही उभी करायची, अशी त्याची रीत. नुसती पेटी नेऊन दाखवली आणि परत आणली तर ती सेवा झाली, चांगली सेवा. पेटीत काय असावं हे तिथल्या लोकांनी ठरवलं की सहभाग सुरू होतो. ब्रिटनमधल्या 'किड्स इन म्युझियम्स' या संस्थेच्या उपक्रमात मुलं एक दिवस संग्रहालयाची खरी कामं हातात घेतात. दिसायला तो मुलांचा कार्यक्रम. पण मुलांनी लिहिलेला फलक दुसऱ्या दिवशीही भिंतीवर राहिला, तर तो माझ्या हिशेबात सहभागाकडे झुकतो.

दोन-तीन माणसांवर चालणाऱ्या संग्रहालयाने दोन्ही एकदम करू पाहू नयेत. माझं मत असं की आधी लोकसहभाग घ्यावा, तोही एकाच फोटोपासून, एकाच गटाबरोबर. भरलेली नावं, वादातली नावं, बंद दाराची हकीकत हे सगळं नीट नोंदवून झालं आणि सांगणाऱ्यांनी होकार दिला की त्यातूनच कौटुंबिक टेबल तयार होतं. तोच फोटो, तोच क्रमांकांचा कागद, आणि चिठ्ठी: 'सात नंबर कोण असेल? दोन माणसांनी दोन उत्तरं दिली आहेत. तुम्ही कसं ठरवाल?' नऊ-दहा वर्षांच्या मुलालाही यातून कळतं की इतिहास पुराव्यावर उभा राहतो आणि पुरावा कधीकधी भांडतो. ज्यांनी नावं सांगितली त्यांना फोटोची एक चांगली छापील प्रत, मागे दुरुस्त नोंद लिहून, टेबल मांडण्याच्या आधी घरपोच मिळायला हवी.