कार्ड हरवलं की नुसती पाटी बदलली? लिनक्स अपग्रेडनंतर नेटवर्क जातं तेव्हा

डेबियन १२ वरून १३ वर गेलात, किंवा उबुंटूचा नवा कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, आला. मशीन रीबूट केलं आणि ते वर आलं ते नेटवर्कशिवाय. पिंगला उत्तर एकच, ‘नेटवर्क इज अनरीचेबल’. या एका लक्षणामागे बहुतेक वेळा दोनपैकी एक बिघाड असतो. एकात नव्या कर्नलला तुमचं नेटवर्क कार्ड चालवताच येत नाही, म्हणजे ड्रायव्हर किंवा फर्मवेअर (कार्डात भरायचा प्रोग्राम) गायब आहे. दुसऱ्यात कार्ड ठणठणीत आहे, फक्त त्याच्या इंटरफेसचं नाव बदललंय आणि तुमच्या कॉन्फिगरेशन फायली जुन्याच नावाने हाका मारताहेत. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून ड्रायव्हर नसलेल्या मशीनवर लोक तासभर नेटप्लॅनची (उबुंटूच्या नेटवर्क मांडणीची) फाइल खरवडत बसतात, आणि नाव बदललेल्या मशीनवर ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.

निवाडा पहिल्याच कमांडला होतो:

आयपी -बीआर लिंक

यादीत फक्त ‘एलओ’ दिसला, म्हणजे मशीनचा स्वतःशीच बोलणारा लूपबॅक, तर कार्ड कर्नलपर्यंत पोहोचलेलंच नाही. हा ड्रायव्हरचा मामला. ‘एलओ’खेरीज ‘ईएन’ किंवा ‘डब्ल्यूएल’ने सुरू होणारं नाव दिसतंय, पण त्याच्यापुढे ‘डाउन’ आहे, आणि ते नाव तुमच्या फाइलीतल्या नावाशी जुळत नाही? मग पाटी बदलली आहे. नाव जुळतंय, आयपी पत्ताही मिळालाय, तरी वेबसाइट उघडत नाही, तर या दोन्हींपैकी काहीच नाही. ८.८.८.८ ला पिंग करून बघा. ते चालत असेल तर बिघाड डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधण्याचा, आहे, आणि ते दुखणं वेगळं.

केबलच्या दिव्यावर मात्र विसंबू नका. ड्रायव्हर लोड झालेला नसतानाही कित्येक कार्डांचा दिवा लागलेला राहतो, आणि चांगल्या कार्डाचा इंटरफेस ‘डाउन’ असला की तो विझलेला असू शकतो.

आता नावाची गोष्ट, कारण गोंधळ इथेच जास्त. कर्नल कार्डाला आधी ‘ईटीएच०’ असं साधं नाव देतो. मग यूडेव्ह, म्हणजे हार्डवेअर ओळखून त्याची मांडणी करणारा प्रोग्राम, ते बदलून कार्ड कुठे बसलंय त्यावरून नवं नाव लावतो. ही पद्धत सिस्टमडीच्या (मशीन सुरू करून सेवा चालवणारा प्रोग्राम; यूडेव्ह त्याचाच भाग) १९७ व्या आवृत्तीत, २०१३ साली आली. ‘ईएनपी३एस०’ म्हणजे ईथरनेट, पीसीआय बस ३, स्लॉट ०. ‘ईएनओ१’ म्हणजे मदरबोर्डवरचं, बायोसने १ क्रमांक दिलेलं. ‘ईएनएक्स’पुढे बारा अक्षरं असली तर तो कार्डाचा मॅक पत्ता. एक बारीक खोच इथे लक्षात ठेवा: पीसीआय कार्डांची यादी देणारी एलएसपीसीआय कमांड बसचा क्रमांक षोडशमान पद्धतीत दाखवते, तर इंटरफेसच्या नावात तो दशमान असतो. त्यामुळे एलएसपीसीआयमध्ये बस ४१ वर असलेलं कार्ड ‘ईएनपी६५एस०’ होतं, आणि ते पाहून कार्डच दुसरं आहे असं वाटतं.

जागेवरून नाव, तर जागा बदलली की नावही बदलणार. नवी एनव्हीएमई डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड बसवलं, बसचे क्रमांक एकने सरकले आणि ‘ईएनपी३एस०’चं ‘ईएनपी४एस०’ झालं, हा नेहमीचा प्रकार. अपग्रेडमध्ये मात्र हार्डवेअरला हात न लावताही नाव बदलतं, आणि त्याचे रस्ते दोन. पहिला रस्ता सिस्टमडीचा. नाव ठरवण्याचे नियम आवृत्तीगणिक थोडे बदलत गेले आहेत. डेबियन १२ मध्ये सिस्टमडी २५२ होता, १३ मध्ये २५७ आहे, आणि फर्मवेअरकडून मिळणारा स्लॉट क्रमांक आधी दुर्लक्षित होता तो काही मशीनवर आता विचारात घेतला जातो. दुसरा रस्ता कर्नल ड्रायव्हरचा. इंटेलच्या ‘आय४०ई’सारखा ड्रायव्हर नव्या कर्नलमध्ये पोर्टचं नावही सांगू लागतो, आणि नावाच्या शेवटी ‘एनपी०’ असं शेपूट लागतं.

नाव खरंच बदललं का, याचा पुरावा कर्नलच्या नोंदीत असतो:

जर्नलसीटीएल -के -बी | ग्रेप रीनेम्ड

ओळ साधारण अशी येते: ‘आर८१६९ ००००:०३:००.० ईएनपी३एस०: रीनेम्ड फ्रॉम ईटीएच०’. हीच कमांड ‘-बी’नंतर ‘-१’ घालून चालवली की मागच्या बूटची नोंद दिसते. दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या की वाद मिटतो.

तात्पुरतं नेटवर्क उभं करायला फायलींना हात लावायची गरज नाही. ‘आयपी लिंक सेट ईएनपी४एस० अप’, मग ‘आयपी अ‍ॅड्रेस अ‍ॅड १९२.१६८.१.५०/२४ डेव्ह ईएनपी४एस०’, मग ‘आयपी रूट अ‍ॅड डीफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१’. पत्ते अर्थातच तुमच्या नेटवर्कचे. एवढ्यावर पिंग सुरू झालं तर कार्ड आणि ड्रायव्हर निर्दोष आहेत हेही सिद्ध झालं.

मग फायली. ‘ग्रेप -आरएन ईएनपी३एस० /ईटीसी’ चालवा आणि जुनं नाव कुठे कुठे दडलंय ते बघा. डेबियनच्या /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस फाइलीत ते दोन ओळींत असतं, ‘ऑटो’ किंवा ‘अलाउ-हॉटप्लग’च्या आणि ‘आयफेस’च्या. एकच बदलली तर पुढच्या बूटला पुन्हा तेच. उबुंटू सर्व्हरवर /ईटीसी/नेटप्लॅनमधली फाइल बदलून ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा. १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर ती जुनी मांडणी परत आणते, त्यामुळे दुरून काम करताना स्वतःच बाहेर अडकायची भीती राहत नाही. यूएफडब्ल्यू फायरवॉलचे नियम, डीएनएसमास्क या डीएनएस-डीएचसीपी सर्व्हरची फाइल आणि व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्सच्या ‘व्हीएमबीआर०’ ब्रिजमधली ‘ब्रिज-पोर्ट्स’ची ओळ या तीन जागा हमखास राहून जातात. ब्रिज वर येतो, पण त्याच्यात पोर्टच नसतो.

डेस्कटॉपवर हाच बिघाड वेष पालटून येतो. नेटवर्कमॅनेजरमध्ये तुमचं कनेक्शन जुन्या इंटरफेस नावाला बांधलेलं असेल, तर नव्या नावासाठी तो आपणहून ‘वायर्ड कनेक्शन १’ तयार करतो आणि डीएचसीपीने, म्हणजे राउटरकडून आपोआप मिळणारा, पत्ता घेतो. इंटरनेट छान चालतं. गेलेला असतो तो तुमचा ठरलेला पत्ता, आणि चार दिवसांनी प्रिंटर किंवा शेअर केलेला फोल्डर सापडत नाही तेव्हा तक्रार सुरू होते. ‘एनएमसीएलआय कनेक्शन शो’ने यादी बघून जुन्या कनेक्शनमधलं ‘कनेक्शन.इंटरफेस-नेम’ बदललं की झालं.

आता दुसरी बाजू. यादीत नुसता ‘एलओ’ आहे. आधी कार्ड बसवर तरी दिसतंय का ते पाहा:

एलएसपीसीआय -एनएनके

ईथरनेट किंवा नेटवर्क कंट्रोलरच्या ओळीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असायला हवी. ती नसेल तर कार्ड आहे, पण चालवणारा नाही. खाली ‘कर्नल मॉड्यूल्स’ची ओळ असेल तर त्या मॉड्यूलचं (कर्नलमध्ये हवी तेव्हा घालता येणारी ड्रायव्हरची फाइल) नाव घेऊन ‘मॉडप्रोब’ने ते लोड करा आणि काय बोलते ते नीट वाचा.

‘नॉट फाउंड इन डिरेक्टरी /लिब/मॉड्यूल्स’ असं उत्तर आलं तर ‘यूनेम -आर’ आणि ‘एलएस /लिब/मॉड्यूल्स’ ताडून बघा. चालू कर्नलच्या आवृत्तीचा फोल्डरच तिथे नसेल तर कर्नल एका आवृत्तीचा आणि मॉड्यूल्स दुसरीची, अशी अवस्था आहे. आर्च लिनक्सवर हे नेहमी घडतं. अपग्रेड झाल्यावर रीबूट केलेलं नसतं, किंवा अपग्रेडच्या वेळी /बूट विभाजन माउंट नव्हतं आणि नवा कर्नल भलत्याच जागी लिहिला गेला. पहिल्याला रीबूट पुरतं. दुसऱ्याला इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून बूट करून, विभाजन माउंट करून, ‘क्रूट’ने डिस्कवरच्या सिस्टममध्ये शिरून कर्नलचं पॅकेज पुन्हा बसवावं लागतं. फोल्डर आहे, पण मॉड्यूल नाही, आणि मशीन उबुंटूचं आहे? मग ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ हे पॅकेज नव्या कर्नलसाठी आलेलं नसण्याची शक्यता बघा.

‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ म्हणजे सिक्युअर बूटने सही नसलेलं मॉड्यूल अडवलं. ‘एमओकेयूटिल --एसबी-स्टेट’ खात्री करून देते. बाहेरून डीकेएमएसने (प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हर बांधणाऱ्या साधनाने) बांधलेले ड्रायव्हर, उदाहरणार्थ ब्रॉडकॉमचा ‘डब्ल्यूएल’, इथे अडकतात. त्यांचा दुसरा आजार म्हणजे नव्या कर्नलसाठी ते बांधलेच गेलेले नसणं: ‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये जुन्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ आणि नव्याचं नावच नाही. कारण बहुधा हेडर्सचं, म्हणजे ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फायलींचं, पॅकेज नसणं; डेबियनवर ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ बसवलेलं असलं की प्रत्येक नव्या कर्नलबरोबर हेडर्सही येतात. पण हेडर्स उतरवायला नेटवर्क हवं आणि नेटवर्कला हेडर्स हवेत. ही कोंडी बूट मेनूच्या, म्हणजे ग्रबच्या, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडून फोडायची. म्हणूनच अपग्रेड झाल्याबरोबर ‘ऑटोरिमूव्ह’ चालवून जुने कर्नल साफ करण्याची घाई करू नये.

मॉडप्रोब गुपचूप यशस्वी झाली आणि तरीही इंटरफेस नाही, तर वायफायच्या बाबतीत संशय फर्मवेअरवर. ‘डीमेसेज’मध्ये ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड... फेल्ड विथ एरर -२’ शोधा. -२ म्हणजे फाइलच सापडली नाही. मात्र इंटेलचा ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ नव्यापासून जुन्यापर्यंत अनेक आवृत्त्या मागून बघतो, तेव्हा अशा दोन-चार ओळींनंतर ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ आलं असेल तर काहीही बिघडलेलं नाही. डेबियन १२ पासून, म्हणजे जून २०२३ पासून, ही फर्मवेअर पॅकेजेस ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या वेगळ्या विभागात आहेत. जुन्या सोर्स यादीत फक्त ‘नॉन-फ्री’ लिहिलेलं असेल तर अपग्रेडमध्ये त्यांच्या नव्या आवृत्त्या येत नाहीत.

जुन्या कर्नलवर नेटवर्क परत आलं म्हणजे ड्रायव्हरच गेला होता, असा निष्कर्ष लोक काढतात. तो अर्धाच बरोबर आहे. ‘एनपी०’चं शेपूट कर्नलमुळे लागलेलं असतं, त्यामुळे जुन्या कर्नलवर जुनं नाव आणि त्याबरोबर नेटवर्कही परत येतं, ड्रायव्हरला काही झालेलं नसताना. उलट जुन्या कर्नलवरही नवंच नाव कायम असेल तर तो सिस्टमडीचा बदल.

अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करणं ही दोन्हीकडची मदत, आणि एक चाचणीही. तिला ‘आरएनडीआयएस_होस्ट’ किंवा ‘सीडीसी_एनसीएम’ मॉड्यूल लागतं. तेही लोड होत नसेल तर दोष एका कार्डाचा नाही, सगळा मॉड्यूल फोल्डरच चुकलेला आहे.

सर्व्हर दूर कुठे असेल तर नाव रीबूटआधीच बांधून ठेवणं स्वस्त पडतं. डेबियन १३ ची पॅकेजेस बसल्यावर, पण रीबूटच्या आधी, ‘यूडेव्हएडीएम टेस्ट-बिल्टइन नेट_सेटअप_लिंक /सिस/क्लास/नेट/ईएनपी३एस०’ चालवा. सिस्टमडीच्या नव्या नियमांनी कोणतं नाव मिळेल ते ती सांगते. कर्नलमुळे होणारा बदल मात्र तिला दिसत नाही, कारण जुनाच कर्नल अजून चालू असतो. नाव बांधायला /ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्कमध्ये ‘१०-लॅन.लिंक’ अशी फाइल करा. तिच्या ‘मॅच’ विभागात ‘परमनंटमॅकअ‍ॅड्रेस’ आणि ‘लिंक’ विभागात ‘नेम’. या शब्दांतली मोठी-छोटी अक्षरं दस्तऐवजात आहेत तशीच ठेवायची. साधं ‘मॅकअ‍ॅड्रेस’ वापरू नका, ब्रिज आणि व्हीलॅन (एकाच कार्डावरचे आभासी इंटरफेस) कार्डाचाच मॅक उचलतात आणि तेही या नियमात अडकतात. नाव ‘ईटीएच०’ ठेवू नका, कर्नलशी झटापट होते. फाइल लिहून झाल्यावर ‘अपडेट-इनिटरामएफएस -यू’ चालवायला विसरू नका. नाव बदलण्याचं काम बूटच्या अगदी सुरुवातीला, इनिटरामएफएस या तात्पुरत्या छोट्या फाइल सिस्टममध्येच, उरकलेलं असू शकतं, आणि तिथे तुमची नवी फाइल पोहोचलेली नसते.