गाठ सुजलीय खरी, पण पेशी एकाच घरातल्या आहेत का?

आमच्या सोसायटीतल्या एका लॅब्राडॉरच्या जबड्याखालच्या दोन्हीकडच्या लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) गाठींसारख्या सुजल्या, डॉक्टर म्हणाले लिम्फोमाची शंका आहे, सुईने नमुना घेऊ, आणि ग्रुपवर लगेच मेसेज, "गाठ टोचू नका, कॅन्सर पसरतो." अहो, लिम्फोमा हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, त्या पेशी तशाही अंगभर हिंडतच असतात, सुईने वेगळं काय पसरणार!

सुई साधी इंजेक्शनचीच. जबड्याखालची गाठ शक्यतो टाळतात, कारण दात-हिरड्या खराब असल्या तरी ती फुगते, त्यापेक्षा गुडघ्यामागची बरी. काचेवर पसरवताना हात हलका लागतो, जरा दाब पडला की पेशी फुटून नुसते ओघळ उरतात. साध्या सुजेच्या गाठीत लहान-मोठ्या पेशींची मिसळ दिसते, लिम्फोमात बऱ्याचदा जिकडे बघावं तिकडे मोठ्याच, लाल पेशीच्या दुप्पट किंवा त्याहून मोठ्या. असं दिसलं की निदान तिथेच.

घोळ होतो तो अधल्यामधल्या नमुन्यांत. तिथे 'पार' (PARR) नावाची जीन-टेस्ट, पेशी एकाच मूळ पेशीच्या आहेत का ते बघणारी, आणि माझा जीव हिच्यावरच. प्रत्येक लिम्फोसाइट घडताना आपल्या रिसेप्टरचं, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या प्रोटीनचं, जीन स्वतः शिवते, अगदी गोधडीसारखं, व्ही, डी, जे अशा ढिगांतून एकेक तुकडा उचलून (हे शोधल्याबद्दल सुसुमु तोनेगावांना १९८७ चं नोबेल). गंमत सांध्यावर आहे, तिथे एन्झाइम डीएनएची काही अक्षरं कुरतडतात, काही मनाने घुसडतात, त्यामुळे शिवणीची लांबी पेशीगणिक वेगळी. पण एका पेशीच्या दोन झाल्या की दोघींत तीच शिवण. आता पीसीआरने, कोविडमध्ये पाठ झाला तोच, फक्त शिवणीच्या प्रती काढायच्या आणि लांबीप्रमाणे लावायच्या. इन्फेक्शन असेल तर नाना घरच्या पेशी, म्हणून धूसर पट्टा. कॅन्सर असेल तर सगळी एकीचीच प्रजा, म्हणून एक ठसठशीत रेघ. वाळलेल्या स्लाइडवरून खरवडलेल्या पेशीही चालतात!

पण पेशी बी की टी (लिम्फोसाइटच्या दोन जाती), हे 'पार'वरून ठामपणे सांगता येत नाही. त्याला फ्लो सायटोमेट्री, म्हणजे जिवंत पेशी लेझरसमोरून एकेक सोडायच्या, पेशीवरच्या ओळखखुणा बघायच्या, सीडी२१ चमकला तर बी, सीडी३ चमकला तर टी. साधारणपणे बी प्रकार केमोला जास्त दाद देतो, टी-झोन नावाचा एक टी प्रकार मात्र इतका संथ की कुत्रं बऱ्याचदा दोनेक वर्षं मजेत काढतं.

आपल्याकडे आणखी एक भानगड, गोचिडांमधून येणारा एर्लिकिया नावाचा जंतू, म्हणजेच टिक फीव्हर. त्यात गाठी सुजतात आणि कधीकधी 'पार'मध्ये खोटी रेघही उमटते, म्हणून टिक फीव्हरची तपासणी सोबत हवीच. "गोमूत्र-हळदीने लिम्फोमाची गाठ विरघळली" वाल्या पोस्टमधल्या किती गाठी मुळात लिम्फोमाच्या होत्या, कुणी स्लाइड पाहिली होती का, हे एकदा विचारून बघा. आणि नमुना जायच्या आधी घरात पडलेलं प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) देऊ नका, गाठ थोडे दिवस बसते, पेशी मरतात, मग लॅबवाल्याने बघायचं काय?